न्हाणीचं पाणी तुंबतं तेव्हा

चाळीसगावच्या परसात कडुनिंब, उंबर, नाहीतर भिंतीच्या फटीतून आलेला पिंपळ असतोच. भर उन्हाळ्यात न्हाणीचं पाणी तुंबलं की आपण साबण-केसांना दोष देतो. चेंबरचं झाकण उघडल्यावर मात्र तांबूस मुळांचा झुपका हाती येतो.

मुळं धडधाकट पाइप फोडत नाहीत. ती ओलीकडे वाढतात आणि पाझरत्या सांध्यातल्या केसाएवढ्या फटीतून आत शिरतात. गिरणा-तितूरच्या खोऱ्यातली आपली काळी जमीन पावसात फुगते, वैशाखात तडकते. या हालचालीत भाजक्या मातीच्या जुन्या पाइपांचे सिमेंटने भरलेले सांधे सुटतात. खरं दुखणं तिथे आहे.

म्हणून नुसती बांबूची पट्टी घालून भागत नाही. फिरत्या पात्याच्या सळईने मुळं कापून घ्या, पण फुटका सांधा उकरून तिथे पीव्हीसी पाइप बसवाच. नाहीतर मुळं पुन्हा फुटतात. ॲसिड किंवा मोरचूद ओतू नका. सेप्टिक टँकमधले मैला कुजवणारे जिवाणू त्याने मरतात, आणि जवळ विहीर असेल तर धोका पिण्याच्या पाण्यापर्यंत जातो.

झाड तोडायची घाई तर मुळीच नको. नगरपालिका हद्दीत १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार आधी परवानगी लागते. भिंतीतलं पिंपळाचं रोप मात्र वीतभर असतानाच काढून मोकळ्या जागी लावा. नवा पाइप टाकताना त्याच्या खाली-भोवती वाळू भरा, काळी माती नको. आणि सांधा पुरता वाळल्याशिवाय चर बुजवू नका.