लिंबू, अपोलो आणि पणतीतला सेल

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेलं हे भाषण. ‘बोललात तसंच लिहून द्या’ असं संपादकांनी बजावल्यामुळे फारसं सुधारलेलं नाही.)

महाप्रसादानंतरचं भाषण आणि विषय रसायनशास्त्र, म्हणजे मागच्या रांगेत कोणी पेंगलं तर मी रागावणार नाही. फक्त या टेबलावरच्या बशीकडे अधूनमधून लक्ष ठेवा. बशीत बटाट्याची एक चकती आहे. तिला मिठाचं पाणी आणि हळद लावली आहे आणि वर एक छोटा चपटा सेल ठेवला आहे. तो कशासाठी, ते शेवटी सांगतो.

आधी लिंबू. मघाशी एका पाचवीतल्या मुलीने इथे चार लिंबं मांडली. प्रत्येकात एक जस्ताचा मुलामा दिलेला खिळा आणि एक तांब्याची तार. मीटर लावला तर एका लिंबातून साधारण ०.९ व्होल्ट मिळतात. चार एकापुढे एक जोडली तर हा लाल दिवा मिणमिणतो. मी मुलांना विचारलं, वीज कुठून आली? सगळे एका सुरात म्हणाले, लिंबातून! आपणही शाळेत हेच म्हणालो असतो.

पण लिंबू इथे मुख्य पात्र नाही, वीज येते ती जस्तामुळे. जस्ताच्या अणूला आपले दोन इलेक्ट्रॉन फार जड झालेले असतात. ते खिळ्यात सोडून तो स्वतः आयन होऊन रसात उतरतो. आंबट रसात हायड्रोजनचे आयन इलेक्ट्रॉनची वाट बघत बसलेले असतात. नुसता खिळा आम्लात टाकला तर हा व्यवहार जागच्या जागी होतो, बुडबुडे येतात, थोडी उष्णता निघते, संपलं. बॅटरी करणाऱ्याची सगळी हुशारी एवढीच, की देणारा आणि घेणारा यांना वेगळं ठेवायचं. मागच्या दाराने देवाणघेवाण होऊ द्यायची नाही. इलेक्ट्रॉनना हमरस्त्याने म्हणजे तारेतून जायला लावायचं आणि वाटेत टोलनाका बसवायचा. तो टोल म्हणजे आपला दिवा, रेडिओ, फोन. रस आतल्या आत आयनांची ये-जा सांभाळतो. तांबं तर नुसता उंबरठा आहे, तिथे इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या हाती पडतात.

१८०० साली इटलीत व्होल्टाने जस्ताच्या आणि चांदीच्या चकत्या, मध्ये खारट पाण्यात भिजवलेलं कापड किंवा पुठ्ठा, अशी चळत रचली, त्यातही हेच होत होतं.

आता तुमच्या-माझ्या लहानपणचा सेल आठवा. विजेरीतला, जाडजूड. संपला की आम्ही तो फोडायचो आणि आतली कार्बनची कांडी काढून फरशीवर रेघा मारायचो. हात काळे व्हायचे ते मँगनीज डायऑक्साइडने. तो इलेक्ट्रॉन घेणारा. बाहेरचा डबा जस्ताचा, तो देणारा. मध्ये नवसागराचा ओला लगदा. तोच नवसागर, जो कल्हईवाला भांड्यात टाकायचा आणि धुराचा लोट उठायचा! या रसायनांचा मेळ १८६६ मध्ये फ्रान्सच्या लेक्लांशेने बसवला, ओल्या लगद्याचा हा डबा नंतरचा. म्हणजे डबा स्वतःच इंधन, तो स्वतःलाच खात जातो. म्हणून जुना सेल रेडिओत विसरला की गळायचा. आमचे आजोबा मेलेले सेल उन्हात ठेवायचे. गावातले शहाणे हसायचे, पण उबेने आतली प्रक्रिया थोडी जलद होते आणि बातम्यांपुरता रेडिओ बोलतो. इथे उलट अनुभव आहे. जानेवारीच्या सकाळी ड्राइव्हवेमध्ये गाडी नुसती खुरडते, कारण थंडीने तीच प्रक्रिया मंदावते.

माझं आयुष्य मात्र गेलं फ्युएल सेलमध्ये. बॅटरी म्हणजे घरून आणलेला डबा. चार पोळ्या आहेत, चार खाल्ल्या की संपलं. रिचार्जची बॅटरी म्हणजे तोच डबा घासून पुन्हा भरणं. फ्युएल सेल म्हणजे चालू स्वयंपाकघर, पीठ येत राहील तोवर पोळ्या उतरत राहतील. एका बाजूने हायड्रोजन, दुसरीकडून ऑक्सिजन, मध्ये फक्त आयन जाऊ देणारा पडदा. हायड्रोजन इलेक्ट्रॉन देतो, ते तारेतून फिरून पलीकडे ऑक्सिजनला मिळतात, आणि उरतं काय, तर पाणी. ज्वाला नाही, धूर नाही. विल्यम ग्रोव्ह नावाच्या वेल्श गृहस्थांनी १८३९ च्या सुमारास हे दाखवलं. पेशाने ते वकील होते, पुढे न्यायाधीश झाले.

मग हे शंभरेक वर्षं अडगळीत पडलं. इंग्लंडच्या फ्रान्सिस बेकन यांनी ते नेटाने चालण्याजोगं केलं, आणि अपोलो यानांसाठी त्यावरून आपल्या याच कनेक्टिकटमध्ये प्रॅट अँड व्हिटनीने सेल बनवले. प्रत्येक यानात तीन संच, एकेका संचात ३१ सेल. वीज तर मिळेच, तयार होणारं पाणी अंतराळवीर पीत. १३ एप्रिल १९७० ला अपोलो-१३ वर ऑक्सिजनची टाकी फुटली. सिनेमा बघितलेल्यांना श्वासाची चिंता आठवते. पण ऑक्सिजन गेला म्हणजे फ्युएल सेल गेले, म्हणजे वीज गेली आणि पाणीही गेलं. तिघे परतले ते चांद्रवाहनाच्या बॅटऱ्यांवर, थंडीत कुडकुडत, मोजून घोट घेत. मुख्य यानाच्या बॅटऱ्या पृथ्वीच्या वातावरणात शिरण्यासाठी जपून ठेवल्या होत्या. स्वयंपाकघर बंद पडलं तेव्हा डबा कामाला आला, असं मी नव्या इंजिनियरांना सांगायचो.

आता बशीतल्या सेलकडे येतो.

याचं नाव सीआर २०३२. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२, म्हणून २०३२. आत जस्ताऐवजी लिथियम. लिथियमसारखा उदार देणारा नाही, म्हणून या चिमुकल्यातून ३ व्होल्ट मिळतात. रिमोटमध्ये, गाडीच्या किल्लीत, गाणाऱ्या ग्रीटिंग कार्डात असे गोल सेल असतात. आणि आपल्या लुकलुकणाऱ्या प्लॅस्टिकच्या पणत्यांमध्येही.

मागच्या दिवाळीत त्या पणत्या मीच आणल्या. स्मोक अलार्म नको, तेल सांडायला नको, दोन डझन स्वस्तात मिळाल्या. पाडव्याच्या संध्याकाळी घर भरलेलं, विहीणबाई आलेल्या, ही फराळाची ताटं लावत होती. नातू चौदा महिन्यांचा, सगळ्यांच्या पायात घोटाळत होता. सूनबाईला तो एकदम लाळ गाळताना दिसला आणि त्याच्या हातात पणती होती. खालचं झाकण निघालेलं. आत काही नाही.

विहीणबाई म्हणाल्या, नाणं गिळलं तर दोन दिवसांनी बाहेर येतं, केळं द्या. भारतात आपण सगळ्यांनी हेच ऐकलंय, त्यांची काय चूक? पण हे नाणं नव्हतं, हे मला त्या खोलीत सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं आणि पाय मात्र हलत नव्हते. तेहेतीस वर्षं नोकरी केली ती इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते बघत. आता ते नातवाच्या गळ्यात चालले होते.

सूनबाईने फोन लावला. तिकडून सांगितलं, ताबडतोब इमर्जन्सीत जा, आणि वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्या, दुसरं काही खायला-प्यायला देऊ नका, उलटी काढू नका. एक्स-रेमध्ये वर्तुळाच्या आत दुसरं वर्तुळ दिसलं. नाण्याचं तसं दिसत नाही. सेल अन्ननलिकेत अडकला होता. दुर्बिणीने काढेपर्यंत अंदाजे अडीच तास झाले होते. नळीला भाजल्यासारखी जखम झाली होती. सहा दिवस इस्पितळात, पुढे काही महिने पातळ अन्न. आता तो पोळी खातो, पण तपासणी चालू आहे.

आता बशी बघा. सेल उचलतो. दिसतंय मागच्यांना? हळद लाल झाली आहे. हळदीच्या डागाला साबण लावला की होतो तसा, किंवा हळदीत चुना घालून कुंकू करतात तसा. सेल गळलेला नाही, शाबूत आहे. ओल्या चकतीतून त्याच्या दोन ध्रुवांमध्ये वीज वाहिली, ऋण बाजूला पाण्याचं विघटन झालं आणि तिथे अल्कली तयार झाली. तुंबलेल्या सिंकमध्ये आपण ओततो ना, त्या जातीची. घशातही तेच होतं. दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. आणि दिवा लावायला ‘मेलेला’ सेलसुद्धा एवढं करण्याइतका जिवंत असतो, म्हणून काढलेला सेल ओट्यावर ठेवू नका, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.

मध फक्त एक वर्षावरच्या मुलांना, गिळून बारा तासांच्या आत असेल तरच, जास्तीत जास्त सहा वेळा. आणि मधासाठी थांबायचं नाही, गाडी आधी काढायची. अमेरिकेत यासाठी चोवीस तास चालणारा फोन आहे, १-८००-४९८-८६६६. फ्रिजवर लावा. टेक्सासमधली दीड वर्षांची रीस याच कारणाने डिसेंबर २०२० मध्ये गेली. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि २०२२ मध्ये तिच्या नावाने कायदा झाला. आता अशा वस्तूंचं झाकण स्क्रूने किंवा सहज न जमणाऱ्या दुहेरी हालचालीने उघडणारं हवं. पण आपल्या बेसमेंटमधल्या डब्यात ‘दिवाळी’ लिहून ठेवलेल्या पणत्या त्याच्या आधीच्या आहेत, नाही का?

मखराभोवतीच्या पणत्या मी आज दुपारी स्क्रूड्रायव्हर घेऊन तपासल्या. एकवीसपैकी आठांचं झाकण नखाने उघडत होतं. सजावट समितीची माफी मागून त्या काढून ठेवल्या आहेत, म्हणून डाव्या बाजूला जरा अंधार आहे.

आता प्रश्न विचारा. आणि मुलांनो, ती चार लिंबं सरबताला नेऊ नका, त्यांच्यात जस्त उतरलंय.