उन्हाळ्यापूर्वीची घराची सिद्धता
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून शिक्षण, शिष्यवृत्त्या, वधूवरसूचन अशा विषयांचा ऊहापोह होत असतो. आम्ही मात्र आज शेणसारवण, कौले आणि विहिरीचा गाळ यांविषयी चार शब्द बोलणार आहोत. आपल्यापैकी बहुतेकांचा चरितार्थ मुंबई, ठाणे, पुणे येथे चालत असला तरी मूळ घर कोकणात आहे, आणि त्यांपैकी पुष्कळ घरांना वर्षातील अकरा महिने कुलूप असते. आमच्याही घराला होते. त्याचे जे फळ आम्हांस भोगावे लागले, ते आपल्यापुढे मांडावे एवढाच आमचा हेतू आहे.

आमचे घर दापोली तालुक्यात आहे. लहानपणी आम्ही सारी भावंडे मे महिन्यात तेथे जात असू. पोहोचावे तो अंगण सारवलेले, त्यावर झावळ्यांचा मांडव घातलेला, माळ्यावर पेंढ्यात आंब्यांची आढी लागलेली आणि माजघरात नव्या माठाचे गार पाणी. घर हे असेच असते, अशी आमची समजूत होती. हे सर्व कोण करते आणि केव्हा करते, हे विचारण्याचे आम्हांस कधी सुचले नाही. करीत होत्या त्या आमच्या थोरल्या काकू. २०१३ साली त्या निवर्तल्या. त्यानंतर आम्ही मे महिन्यात पंधरा दिवस जावे, कुलूप काढावे, जळमटे झाडावी, आंबे खावे आणि पुन्हा कुलूप लावून परतावे, असा क्रम पडला.

२०२० साली टाळेबंदीमुळे तेवढेही जाणे झाले नाही. त्या वर्षी ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि दापोली, मंडणगडपर्यंत त्याने नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. आमचे छप्पर गेले. वादळापुढे नीट राखलेल्या घरांचीही कौले उडाली, हे खरे आहे. परंतु पुढे सुताराने आमच्या घराचे मोडलेले आढे आम्हांस उलटून दाखविले, तेव्हा ते आतून पोकळ झालेले होते. वाऱ्याने केवळ शेवटचा धक्का दिला. वाळवी कित्येक वर्षे आपले काम करीत होती आणि आम्ही त्याखाली निश्चिंत झोपत होतो.

दुरुस्तीच्या वेळी माळ्यावर काकूंची पत्र्याची पेटी सापडली. तीत जुनी पंचांगे होती, आणि प्रत्येकाच्या समासात पेन्सिलीने केलेल्या नोंदी होत्या: अमुक तिथीस गवत काढले, अमुक तिथीस विहीर उपसली, अमुक गड्यास इतके दिले. त्या नोंदी वाचताना आम्हांस प्रथमच कळले की उन्हाळ्यापूर्वीची सिद्धता म्हणजे केवळ झाडलोट नव्हे. तिला तिथीचा क्रम आहे, आणि प्रत्येक कामामागे कारण आहे.

पहिले काम माघ सरता सरता करावयाचे, ते गवताचे. पावसाळ्यात वाढलेले गवत तोवर वाळून काडी झालेले असते. घराभोवती व बागेच्या कडेने ते कापून मोकळा पट्टा राखला नाही, तर डोंगरावर लागलेला वणवा आंबा-काजूच्या कलमांत शिरावयास वेळ लागत नाही. याच वेळी घराच्या कडेचे दगडांचे व लाकडांचे ढीग हलवावे आणि उंदरांची बिळे बुजवावी. आपल्या भागात फुरशांचा सुळसुळाट किती आहे, हे सांगणे नलगे. उन्हाच्या वेळी ती गारव्याच्या आडोशास येतात.

दुसरे काम अंगणाचे. कार्तिकात खणून, पाणी शिंपून, चोपण्याने चोपून केलेले अंगण फाल्गुनापर्यंत जागोजागी उखडते. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी दारी यावयाची, म्हणून खळगे बुजवून ते पुन्हा सारवावयाचे. तेच अंगण पुढे चैत्रात गौरीपुढील चैत्रांगणास आणि हळदीकुंकवास उपयोगी पडे, आणि तेथेच पापड, सांडगे, आमसुले वाळत. हल्ली पुष्कळांनी अंगणात सिमेंट घातले आहे. झाडण्यास ते सोपे, हे मान्य. पण भर दुपारी त्यावर अनवाणी पाऊल ठेववत नाही, आणि दिवसभर साठविलेली उष्णता ते रात्री घराकडेच परत टाकते. हवामान खात्याच्या नोंदींनुसार २०२२ चा मार्च हा देशात १९०१ पासूनच्या तोवरच्या सर्व मार्च महिन्यांत उष्ण ठरला. म्हणजे वैशाखातील ऊन आता फाल्गुनातच दारी येऊ लागले आहे. ज्यांनी सिमेंट घातले आहे त्यांनी निदान मांडव तरी चुकवू नये, आणि जोत्याच्या कडेने दोन हात माती मोकळी ठेवून तेथे झाडे लावावी. ज्यांनी घातले नाही त्यांनी घाई करू नये, अशी आमची विनंती आहे.

तिसरे काम पाण्याचे. चैत्रात माडा-पोफळींच्या आळ्यांत पालापाचोळा पसरावा. त्याने ओल टिकते व शिंपण्याचे श्रम वाचतात. वैशाखात पाणी तळाशी गेले म्हणजे विहीर उपसून गाळ काढावयाचा. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. फार दिवस बंद राहिलेल्या विहिरीत दूषित वायू असू शकतो. पेटता कंदील खाली सोडून पाहण्याची जुनी रीत चांगली असली तरी तेवढ्यावर विसंबू नये. ज्यास या कामाची माहिती आहे, त्यानेच कमरेस दोर बांधून व वर माणसे उभी असतानाच उतरावे. काम झाल्यावर गावातील आरोग्यसेवकास विचारून योग्य मापाने ब्लीचिंग पावडर टाकावी.

शेवटचे काम छपराचे, आणि आमचा घात झाला तो येथेच. मृग लागण्यापूर्वी कौले चाळावयाची ती केवळ फुटकी कौले बदलण्यासाठी नव्हे. कौले उतरली म्हणजे रीपा, वासे आणि आढे उघडे पडतात. त्यावर टोचा मारून पाहिले की पोकळ लाकूड आवाजावरून कळते. काकूंच्या नोंदीत दर वर्षी ‘वासे पाहिले’ असे दोनच शब्द आहेत. त्या दोन शब्दांवर आमचे छप्पर उभे होते. २०१३ नंतर वासे कोणीही पाहिले नाहीत.

बंधुभगिनींनो, हे सर्व काम एका स्त्रीने, दोन गडी हाताशी घेऊन, वर्षानुवर्षे केले. आम्ही तिच्या हातची आंब्याची डाळ व पन्हे यांची स्तुती करीत राहिलो. तिच्या श्रमांचा विचार मात्र आमच्या मनास शिवला नाही. याची खंत आम्हांस आहे, आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी काकू, आत्या अथवा वहिनी आजही असेल, म्हणून हे बोलण्याचे धाडस केले.

२०२१ पासून आम्ही चार घरांनी पाळ्या लावल्या आहेत. एक घर माघअखेर गवतास जाते, दुसरे शिमग्यास अंगणासाठी, तिसरे चैत्रात बागेसाठी आणि चौथे वैशाखात विहीर व कौलांसाठी. पुरुष आणि स्त्रिया दोघेही कामास हात लावतात. घरात एक वही ठेवली आहे. केलेले काम, तिथी आणि झालेला खर्च तीत लिहिल्याशिवाय कोणी कुलूप लावीत नाही. गड्यांची मजुरी गावातील चालू दराने, काम होताच हाती दिली जाते. सामाईक घराचे वाद आमच्याही घरी आहेत. ते अद्याप मिटलेले नाहीत. तथापि वाद मिटेपर्यंत वाळवी थांबत नाही, एवढे आम्ही शिकलो आहोत.

आपणांस आमची विनंती एवढीच, की घरी गेल्यावर आपापल्या भाऊबंदांशी याविषयी बोलावे आणि यंदाची पहिली पाळी कोणाची ते ठरवावे. गावी कोणी वडीलधारी स्त्री अजून घर राखीत असेल, तर तिच्याजवळ बसून कामांचा क्रम लिहून घ्यावा. आम्हांस तो पेटीतून शोधावा लागला. आपणांस तो तिच्या तोंडून ऐकता येईल.