बुटातली गादी आणि आपली चाल
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'संगणक क्षेत्रातील संधी' हा विषय दिला होता. तो मी मागून बदलून घेतला. सकाळपासून इथे नोकरीपेक्षा टाच आणि गुडघे हेच शब्द जास्त ऐकू येताहेत, आणि निम्म्या जणांच्या बुटात विकत घेतलेले इनसोल आहेत. शिवाय गेली काही वर्षं मी याच विषयाशी जोडलेलं काम करते: बुटातल्या पातळ तळात दाब मोजणारे सेन्सर असतात, त्यांच्या आकड्यांवरून चाल दाखवणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते.

निरोगी माणूस चालताना एक पाऊल साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के वेळ हवेत असतं. जमिनीवरच्या भाराचा आलेख काढला तर उंटाच्या पाठीसारखे दोन उंचवटे येतात, एक टाचेवर वजन येताना आणि दुसरा बोटांनी मागे रेटताना. दोन्ही वेळा भार आपल्या वजनापेक्षा थोडा जास्तच असतो.

बुटात मऊ गादी घातली की टाचेवरचा दाब पसरतो, हे खरं आहे. बाहेरच्या कडेला उंच असलेला तळ घातला तर गुडघ्याच्या आतल्या बाजूचा भार थोडा कमी होतो, हेही निरोगी माणसांत मोजलेलं आहे. पण 'चाल सुधारते' म्हणतात, तिथे मी थबकते. २००० साली एक शोधनिबंध आला. त्यात पाच निरोगी माणसांच्या नडगीच्या आणि टाचेच्या हाडांत चक्क पिना बसवून त्यांना वेगवेगळे इनसोल घालून पळवलं होतं. हाडांच्या हालचालीतला फरक किरकोळ निघाला, आणि प्रत्येकाचा वेगळा. शरीर आपली वाट सहज सोडत नाही. पायाखाली मऊ आलं की पळताना ते पाय ताठ करून हिशेब जुळवतं.

मऊ म्हणजे सोपं, हाही गैरसमजच. चिवल्याच्या वाळूत पळून दमलेल्यांना सांगायला नको, पण बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये ते मोजलं: त्याच वेगाने चालायला वाळूत कडक जमिनीच्या २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते. बुटातली गादी काही वाळूइतकी खचत नाही, मान्य. दिशा कळावी म्हणून सांगितलं.

मोठ्या शहरांतल्या दुकानांत हल्ली काचेवर उभं करून तळपायाचं रंगीत चित्र दाखवतात. टाच लालभडक दिसते आणि माणूस घाबरतो. लाल म्हणजे दाब, आजार नव्हे. उभ्या माणसाची टाच लाल दिसणारच. लाल रंग कुठल्या आकड्यापासून सुरू करायचा, हे माझ्यासारखाच कुणी प्रोग्रॅमर खुर्चीत बसून ठरवत असतो. आणि उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे.

मुलांचं तर आणखी वेगळं. याच किनाऱ्यावर खाली, मणिपालच्या दोन डॉक्टरांनी २३०० मुलं तपासली. त्यांचा निबंध १९९२ चा. पादत्राणं घालणाऱ्यांत सपाट पावलं ८.६ टक्के, अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बूट घालणाऱ्यांत प्रमाण सगळ्यांत जास्त. आपण चिऱ्यांवरून, सड्यावरून अनवाणी शाळेत यायचो, तेव्हा कुणी त्याला व्यायाम म्हटलं नव्हतं. काटेही मोडायचे, ते विसरू नका.

एक गोष्ट मात्र ठळक सांगते. मधुमेहाने ज्यांच्या तळव्याची संवेदना गेली आहे, त्यांना हे लागू नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांसाठी मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या चपला वापरल्या, त्या पाय वाचवण्यासाठी. तिथे मऊ तळ हे औषध आहे, आणि ते डॉक्टरांनीच द्यावं.

आता आमच्या घरातला वाद. आई शहात्तर वर्षांची, मालवणात एकटी राहते. पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ. मुंबईहून दादाने तिच्यासाठी जाड, गादीसारखे बूट पाठवले. आईने दोन दिवस घातले आणि म्हणाली, "हे बूट घातले काय माका भुंय गावणा नाय."

दादा हसला. मी हसले नाही, कारण १९९२ मध्येच कॅनडातल्या संशोधकांनी वयस्क पुरुषांना अरुंद तुळईवर चालवलं, तेव्हा जाड आणि मऊ तळात तोल सर्वांत वाईट राहिला, पातळ आणि कडक तळात सर्वांत चांगला. जमिनीची खबर तळव्याला लागावी लागते. पण आईचंही सगळंच बरोबर नाही. अमेरिकेतल्या सिएटलच्या एका पाहणीत घरात अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर वावरणारे वृद्ध जास्त पडले, आणि खेळाचे बूट घालणारे सर्वांत कमी. तिथल्या गुळगुळीत फरशा आणि आपलं खळं एक नव्हे, तरी हा आकडा मी आईला सांगितला. तिने ऐकून घेतलं.

शेवटी बाजारातून पातळ, कडक तळाची, खाली खाचा असलेली आणि मागे पट्टा असलेली सँडल घेतली. ती घालून आई विहिरीपर्यंत जाते. पडवी ओलांडली की सँडल उंबऱ्याबाहेर. घरात काय घालायचं यावर रविवारी दादाचा फोन येतो, आणि अजून काही ठरलेलं नाही.