दातांना सणक मारते? आधी आपलं घासणं तपासा

(शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमातील आरोग्यविषयक भाषण)



आज बियाण्याबद्दल किंवा फवारणीबद्दल बोलणार नाही. आज दातांबद्दल चार गोष्टी सांगायच्या आहेत. हिवाळ्यात पहाटे गव्हाला पाणी द्यायला निघताना घागरीतल्या गार पाण्याची चूळ भरावी, आणि एका दातातून कळ थेट डोक्यात जावी, असा अनुभव आपल्यापैकी कित्येकांना असेल. कुणाला गरम चहाने सणक मारते, कुणाला कैरीने, कुणाला अंबाडीच्या भाजीने. घाटावर असो की घाटाखाली, तक्रार तीच. आणि घरोघरी उपायही तोच: त्या जागी मिसरी नाहीतर तंबाखू दाबून धरायची. घटकाभर बधिर वाटते, पण दुखण्याचे मूळ वाढत जाते. ते कसे, हे आधी समजून घेऊ.

दातावर एक टणक कवच असते. त्याला डॉक्टर इनॅमल म्हणतात. त्याच्या आतल्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या हजारो बारीक नळ्या असतात आणि त्यांत पाण्यासारखा द्रव असतो. कवच शाबूत आहे तोवर बाहेरचे गार-गरम आत पोचत नाही. नळ्यांची तोंडे उघडी पडली, की गार, गरम, आंबट, गोड काहीही लागले तरी तो द्रव हलतो आणि आतल्या नसेला कळ लागते.

ही तोंडे उघडी पडतात कशी? आपल्या शेतातलेच उदाहरण घ्या. उतारावरच्या रानाला बांध नसला, की मोठ्या पावसात माती वाहून जाते अन् पऱ्हाटीची मुळं उघडी पडतात. दाताभोवतीची हिरडी म्हणजे ती माती. हिरडी खाली सरकली, की दाताचे मूळ उघडे पडते. आणि मुळावर ते टणक कवच नसतेच. वाहून गेलेली माती गाडीने आणून टाकता येते, पण झिजलेले कवच पुन्हा उगवत नाही आणि सरकलेली हिरडी आपोआप वर येत नाही. म्हणून धूप आधीच थांबवली पाहिजे.

ही धूप बहुतेक वेळा आपणच करतो. राख, कोळसा, मीठ, विटेची भुकटी किंवा खरबरीत मंजन घेऊन बोटाने खसाखसा दात घासले, की दात पांढरे दिसतात, पण कवच झिजते. कडक ब्रश आडवा ओढला तरी तेच होते. मिसरी, गुल, तंबाखू, खर्रा यांनी हिरडीचे नुकसान होते, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच. दात घासण्याच्या पेस्टमध्ये आणि मंजनात तंबाखू घालायला सरकारने 1992 सालीच बंदी केली आहे, ती उगाच नव्हे.

दुसरे कारण आंबट. जळगाव जामोद, संग्रामपूरकडे संत्र्याचा तोडा चालू असतो तेव्हा माणूस दिवसभर एकेक फोड तोंडात टाकत राहतो. चिंच, लिंबू, बाटलीतली थंड पेये यांचेही तसेच. आंबटाने कवच काही वेळ मऊ पडते. त्याच वेळी दात घासले, तर ते लवकर झिजते. म्हणून आंबट खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि निदान अर्धा-पाऊण तास दात घासू नयेत. झोपेत दात खाण्याची सवय, वारंवार होणारी उलटी, छातीत जळजळ होऊन तोंडात येणारे आंबट पाणी, यांनीही दात झिजतात.

आता उपाय. मऊ ब्रश घ्या. तो हिरडीकडे जरा तिरपा धरून हलक्या हाताने लहान लहान गोल फिरवा. दोन मिनिटे पुरेत. सकाळी एकदा आणि रात्री झोपताना एकदा. कडुलिंबाची काडी वापरत असाल तर चावून तिचा कुंचा मऊ करा आणि ती दातावर आडवी रगडू नका.

सणक मारणाऱ्या दातांसाठी वेगळी पेस्ट मिळते. तीपैकी काहींत पोटॅशियम नायट्रेट असते, साधारण 5 टक्के. त्याने आतली नस शांत होते. रोज दोन वेळा वापरली तर दोन ते चार आठवड्यांत फरक पडतो. दोन दिवसांत सोडून देऊ नका. 12 वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. ठिबकमधून सोडायच्या 13:0:45 खतातही पोटॅशियम नायट्रेटच असते. नाव एक आहे म्हणून ते खत दाताला लावू नका. ते पिकासाठी आहे, तोंडासाठी नाही. बिब्बाही लावू नका; त्याने तोंड भाजते.

सगळीच कळ अशी साधी नसते. गार लागले, सणक मारली आणि लगेच थांबली, तर वरचे उपाय करून पाहा. पण कळ बराच वेळ टिकते, रात्री आपोआप ठणका लागतो, चावताना दुखते, दाताला काळा खड्डा दिसतो किंवा हिरडी सुजते, तर दात आतून किडला असण्याचा संभव आहे. तेव्हा पेस्टवर विसंबू नका. वेळेवर गेलात तर खड्डा भरून दात वाचतो; सुगी होऊ द्या, मग पाहू म्हणालात तर तोच दात काढावा लागतो. गाल सुजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा किंवा बुलढाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात दंतवैद्यांना दाखवा. तोंडात पांढरा चट्टा असेल किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर ती दुखत नसली तरी दाखवाच.

लक्षात ठेवा:
1. राख, मीठ, मिसरी बंद. मऊ ब्रश, हलका हात.
2. आंबट खाल्ल्यावर चूळ, घासणे नंतर.
3. सणकेची पेस्ट महिनाभर नेमाने.
4. ठणका टिकला, तर दंतवैद्य.

मंडळी, बैल घेताना आपण आधी त्याचे दात पाहतो. तीच नजर एकदा आरशात स्वतःच्या दातांकडेही वळवा. रामराम.