पोत्यातलं नत्र, विहिरीतलं पाणी

मी मूळचा शिरोळ तालुक्यातला, उसाच्या पट्ट्यातला. नोकरीमुळे सध्या श्रीपेरुंबुदूरला असतो. इथं येणाऱ्याला मोटारींचे कारखाने दिसतात. माझी नजर आधी एरींवर गेली. एरी म्हणजे बांध घालून पाणी अडवलेला तलाव. जवळच्या चेंबरंबाक्कमच्या एरीतून चेन्नईला प्यायचं पाणी जातं. तेव्हा वरच्या शेतात काय पडतं, याच्याशी शहराचाही संबंध आहे.

हिशेब बघा. युरियाचं पोतं 45 किलोचं, शेतकऱ्याला साधारण 266 रुपयांना मिळतं. बाकीचे सरकार भरतं. त्यात नत्र 46 टक्के, म्हणजे 20.7 किलो. भातखाचरात त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र सहसा पिकाच्या वाट्याला येतच नाही. काही अमोनिया होऊन उडतं, काही नायट्रेट होऊन झिरपतं. 2010 मध्ये पोषणद्रव्यांनुसार अनुदान आलं, पण युरिया त्यातून बाहेर ठेवला. पुढे स्फुरद-पालाश महागलं, युरिया स्वस्तच राहिला. शेतकऱ्यानं स्वस्त ते टाकलं, त्याला बोल कसा लावायचा?

पालाश तर जवळजवळ सगळा आपण परदेशातून आणतो. आमच्या उसाचंच घ्या. पांढऱ्या साखरेत पालाश नावालाही नसतो. साखर बंदरावर जाते, पालाश मळीत राहतो आणि पुढे डिस्टिलरीच्या सांडपाण्यात उतरतो. बोटीतून विकत आणलेलं खत नदीत सोडायचं आणि पुन्हा बोट मागवायची, असा हा व्यापार! तेच सांडपाणी नीट प्रक्रिया करून, मापात शेतात गेलं तर खत आहे.

आता प्यायच्या पाण्याचं. आपल्या मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त असलेलं पाणी पावडरच्या दुधात कालवून तान्ह्या बाळाला दिलं, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद घटू शकते. बाळ निळसर पडतं. इथं खोली घेऊन राहणारी आपली पोरं म्हणतात, "पाणी उकळतो की आम्ही." उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, पाणी आटलं की ते उलट दाट होतं. तुरटीनंही जात नाही. आरओनं बरंच कमी होतं. आणि हो, दोष नेहमी युरियाचाच नसतो. विहिरीशेजारी संडासाचा शोषखड्डा असेल, तर तिथूनही नायट्रेट येतं.

पाणी तपासायला देताना "नायट्रेट" असं स्पष्ट लिहून द्या. नुसते क्षार मोजणाऱ्या यंत्रावर तो आकडा वेगळा दिसत नाही.