सापाचं विष आणि रात्रीची ढास

पन्नाशी ओलांडलेला एखादा गृहस्थ रात्री दोन वाजता अंथरुणात उठून बसतो. ताप नाही, सर्दी नाही, कफाचा पत्ता नाही. नुसती कोरडी ढास. हळदीचं दूध होतं, ज्येष्ठमधाची कांडी होते, मग खोकल्याच्या दोन-तीन बाटल्या. छातीचा फोटो काढला, तर तोही साफ!

या सगळ्या धावपळीत ब्लडप्रेशरची गोळी कुणालाच आठवत नाही. दोन महिन्यांपूर्वी सुरू झालेली, एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल. नावाच्या शेवटी 'प्रिल' लावणाऱ्या या घराण्याची ही जुनीच खोड.

घराण्याचं मूळ ब्राझीलच्या जराराका सापात. शरीरातलं ब्रॅडिकायनिन हे रसायन रक्तदाब उतरवतं, आणि या सापाच्या विषाने त्याचा जोर वाढतो, हे सर्जिओ फेरेरा यांनी १९६५ साली दाखवलं. त्या धाग्यावरून पुढे अमेरिकेत कॅप्टोप्रिल घडली. १९८१ साली तिला तिथे मान्यता मिळाली. गोळीत विष नसतं, हे सांगून टाकलेलं बरं, नाहीतर उद्या घरोघरचे औषधांचे डबे रिकामे व्हायचे.

रक्तवाहिन्या आवळणारं रसायन तयार करणाऱ्या विकराला ही गोळी अडवते, म्हणून दाब उतरतो. पण तेच विकर ब्रॅडिकायनिनची विल्हेवाटही लावत असतं. ते अडलं की ब्रॅडिकायनिन श्वासमार्गात साचतं आणि ढास लागते. सगळ्यांना नाही; बायकांना जरा जास्त. कुणाला आठवड्यात, कुणाला काही महिन्यांनी, म्हणून तर संशय येत नाही.

डॉक्टर अशा वेळी गोळी बदलून बहुधा लोसार्टन किंवा टेल्मिसार्टन देतात आणि खोकला साधारण महिन्याभरात ओसरतो. आपल्या मनाने गोळी सोडली, तर वाढलेला दाब बहुतेकांना जाणवतही नाही. 'प्रिल' गोळीने क्वचित कुणाचे ओठ, जीभ, चेहरा सुजतो. तेव्हा मात्र पुढची गोळी न घेता तडक दवाखाना गाठावा.

अम्लोडिपिन या ब्लडप्रेशरच्याच दुसऱ्या गोळीची तऱ्हा वेगळी. तिने संध्याकाळी घोटे सुजतात, चपलेचा पट्टा रुततो. किडनी बिघडली की काय, म्हणून घर हादरतं.

आणि कोणती गोळी चालू आहे असं डॉक्टरांनी विचारलं, की उत्तर ठरलेलं: "ती छोटी, पांढरी, सकाळची." स्ट्रिप घरी, फ्रिजवरच्या डब्यात.