मुलांच्या घरचे पाहुणे

जळगाव-धुळ्याकडच्या कितीतरी घरांत आता म्हातारा-म्हातारी दोघंच उरली आहेत. एक मुलगा पुण्याला, दुसरा सुरतला. लेक आली तर आखाजीला. मुलाकडे जायचं ठरलं की कळण्याचं पीठ आणि बिबड्यांचा डबा आठवडाभर आधीच बांधून तयार असतो.

जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांच्या १९५३ सालच्या ‘टोकियो स्टोरी’ या चित्रपटात असंच एक जोडपं निघतं. ओनोमिची या बंदरगावाहून टोकियो सुमारे आठशे किलोमीटर, म्हणजे जळगाव-मुंबईच्या जवळजवळ दुप्पट. थोरला मुलगा डॉक्टर; रविवारी आई-वडिलांना शहर दाखवायला निघतो, तोच रुग्णाचं बोलावणं येतं. मुलीचं केशभूषेचं दुकान आहे, तिलाही सवड नाही. मग दोघं भावंडं पैसे काढतात आणि म्हाताऱ्यांना आतामीच्या गरम झऱ्यांवर पाठवून देतात. तिथे रात्रभर तरुणांचा गोंगाट. झोप कुठली?

युद्धात गेलेल्या मुलाची बायको नोरिको मात्र कामावरून सुट्टी काढून त्यांना शहरभर फिरवते. सासू तिच्या एका खोलीत मुक्कामाला येते, तेव्हा ती सासूचे खांदे चेपते आणि निघताना तिच्या हातात थोडे पैसेही ठेवते. सेत्सुको हारा यांनी ही सून इतक्या आतून साकारली आहे की तिच्या हसण्यानेही घशात आवंढा येतो.

आपल्याकडच्या ‘नटसम्राट’मध्ये किंवा १९९८च्या ‘तू तिथे मी’मध्ये मुलांवर बोट ठेवता येतं. ओझू तशी सोय ठेवत नाहीत. त्यांची मुलं दुष्ट नाहीत, आपापल्या संसारात गढलेली आहेत. आईला अग्नी दिल्यावर त्याच दिवशी मुलगी तिचे कपडे आठवण म्हणून मागते, आणि तरीही तिचा राग पुरता करता येत नाही. हेच या चित्रपटाचं खरं मोठेपण.

कॅमेरा जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर ठेवलेला असतो, आणि तो क्वचितच हलतो. वडिलांचं काम करणारे चिशू र्‍यू तेव्हा पन्नाशीचेही नव्हते, यावर विश्वास बसत नाही. २०१२ साली ब्रिटनच्या ‘साइट अँड साउंड’ मासिकाने जगभरच्या दिग्दर्शकांचा कौल घेतला, त्यात याच चित्रपटाला पहिला क्रमांक मिळाला.

चित्रपट सव्वादोन तासांचा आहे. यंदाच्या आखाजीला लेकी-मुलं घरी आली की एखाद्या दुपारी सगळ्यांनी मिळून तो जरूर पाहावा, आणि आई-वडिलांना मध्ये बसवावं.